चौथा पुकारा

दवाखान्यात कंपाउंडरने नंबर पुकारला की मी उभा राहतो. नंबर माझा असो की नसो. बँकेत तेच, रेशनच्या दुकानात तेच. पुतणीच्या लग्नात भटजींनी "मुलीच्या मामांना बोलवा" म्हटल्याबरोबर मी असा ताडकन उठलो की हातातलं पन्हं शेजारच्या व्याह्यांच्या मांडीवर. मी मुलीचा काका. मामा मांडवाबाहेर निवांत पान खात होता. आमची मंडळी चारचौघांत सांगतात, "यांना यमानं चुकून शेजाऱ्याची हाक मारली तरी हे पहिल्या हाकेला निघतील, चपलासुद्धा घालायचे नाहीत."

सगळे हसतात, मीही हसतो. ही खोड मला कुठून लागली ते घरात कुणी कधी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. ते सांगायचं तर आबांबद्दल सांगावं लागेल, आणि आबांबद्दल सांगायचं तर मी एकदा मोरीत लपून बसलो होतो तेही सांगावं लागेल.

जळगावात आमच्या कॉलेजच्या रस्त्याला फुटणाऱ्या एका गल्लीत आबांची पिठाची गिरणी होती. गिरणी नावाला. आबांचा जीव कुस्तीत. तरुणपणी भडगावकडच्या यात्रांमधून लढले, मग एरंडोलला एका कुस्तीत उजवा गुडघा गेला तो गेलाच. तेव्हापासून ते पंच झाले. दिवाळी सरली की गावोगावच्या यात्राकमिट्या त्यांना बोलवायला यायच्या. पांढरं धोतर, अर्ध्या बाह्यांचा सदरा, मोडलेले कान आणि गळ्यात काळ्या दोऱ्याला शिट्टी. ही शिट्टी ते अंघोळीलाही काढत नसत. आबांनी दिलेल्या निर्णयावर गावात मारामाऱ्या झाल्या असतील, पण आबा विकले गेले असं बोलणारा माणूस खानदेशात जन्माला आला नव्हता.

तर हे आबा एकदा सुरतेला मेहुण्याकडे लग्नाला गेले. तिथे कुठल्याशा दुकानात त्यांनी लाकडी कपाटात बसवलेला टीव्ही पाहिला. टीव्हीत दोन माणसं एकमेकांना बडवत होती आणि बाहेर दोन पोरं दांडे फिरवून, बटणं दाबून त्यांना लढवत होती. दुसरा कुणी असता तर गंमत वाटून पुढे गेला असता. आबा अस्वस्थ झाले. दुकानदाराला म्हणाले, "दोन माणसं लढी राहिनात, अन् पंच कोठे शे?"

दुकानदार म्हणाला, गुण मशीनच मोजतं. आबा म्हणाले, "मोजस. पन मशीनले नियत कोठे शे?"

जगात कुठेतरी पंचाशिवाय कुस्त्या चालल्या आहेत, ही गोष्ट त्यांना झोपू देईना. महिन्याभरात गिरणीचं जातं विकलं गेलं आणि त्या जागेवर चार मशिनं आली. एकात फटफटी पळायची, एकात रणगाडे, एकात वरून विटा पडायच्या आणि चौथ्यात ती मारामारी. अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आठ दिवस शेजारणीच्या घरून पीठ उसनं आणलं आणि नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

जळगावात तेव्हा अशी दुकानं दोन-चार निघाली होती. काळे पडदे, आत सिनेमाची गाणी. आबांच्या दुकानाला पडदा नव्हता. दारातच ते न वाकणारा पाय आडवा टाकून बसत आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ओलांडून आत जावं लागे. आत गेल्यावर एका परातीत आखाड्याची लाल माती ठेवलेली असे, तेल-ताक-हळद घालून मळलेली. ती कपाळाला आणि तळहाताला लावल्याशिवाय दांड्याला हात लावायचा नाही. भुसावळचा एक मेकॅनिक दर पंधरवड्याला बटणं उघडायचा आणि कपाळावर हात मारून घ्यायचा. म्हणायचा, "आबा, आत पाऊस तेवढा पाडा, कपाशी येईल."

मग शिट्टी व्हायची. शिट्टीनं खेळ सुरू, शिट्टीनं बंद. मारामारीच्या खेळातला एक गडी तळहातातून आगीचा गोळा फेकायचा. पहिल्यांदा तो गोळा पाहिल्यावर आबांनी इतक्या जोरात शिट्टी मारली की पलीकडच्या सलूनमध्ये एकाच्या गालाला वस्तरा लागला. हातातून आग काढणं त्यांनी फाऊल ठरवलं. पोरांनी समजावलं की आबा, त्याच्यासाठीच तर लोक हा गडी घेतात. आबा म्हणाले, लढायचं तर हातानं लढा, आग चुलीत ठेवा. साऱ्या हिंदुस्थानात तो खेळ आगीशिवाय फक्त आमच्या गल्लीत खेळला जात असेल.

विटांच्या खेळापुढे मात्र ते थबकायचे. एकदा बराच वेळ बघून त्यांनी मला विचारलं, यात जिंकतात केव्हा? मी सांगितलं, यात जिंकत नाहीत आबा, किती वेळ हरलो नाही एवढंच बघायचं. दुसऱ्या दिवशी त्या मशिनवर अक्कांचं जुनं लुगडं टाकलेलं दिसलं. कुणी मागितला तरच काढायचे.

आणि तीन पुकारे. कुस्त्यांच्या दंगलीत ज्याचं नाव पुकारलं त्यानं मैदानात यायचं. पहिला पुकारा, दुसरा पुकारा, तिसरा पुकारा. तिसऱ्यालाही आला नाही तर समोरचा विजयी. कारण विचारायचं नाही, चौथा पुकारा करायचा नाही. आबांचं सगळं आयुष्य या कायद्यावर चालायचं. दुकानात पाळी आलेल्या पोराला तीन हाका, मग पुढचा. अक्कांनी हाच कायदा त्यांच्यावर उलटवला होता. जेवायला तीन हाका मारायच्या, आबा आले नाहीत की भाकरी गायीपुढे. आबा उपाशी झोपायचे, पण तक्रार नाही. निर्णय बरोबर होता.

मी तिथे रोज जायचो आणि रोज हरायचो. माझी बोटं माझ्या डोक्याच्या अर्धा मिनिट मागे असत, आणि डोकंही काही फार पुढे नव्हतं. पण हरताना मी माझ्याच हरण्याचं वर्णन मोठ्या आवाजात करत असे. वक्तृत्वात दोन ढाली मिळवल्या होत्या, तो माज. आबा एकदा म्हणाले, "तुनी जीभ हातपेक्षा चांगली चालस. तू खेळू नको, भो. तू बोल." त्या दिवसापासून मी त्यांचा निवेदक झालो. खोटं नाही सांगत, पुढे नोकरीत बढती मिळाली तेव्हाही छाती इतकी फुगली नाही.

त्या हिवाळ्यात एका अर्जाची नक्कल आबांकडे आली. गल्लीतल्या पाच-पन्नास पालकांनी सह्या करून नगरपालिकेला दिला होता की या दुकानात जुगार चालतो, पोरं बिघडतात, ते बंद करावं. आबांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. बंद करण्याचं त्यांना काही वाटलं नाही. 'जुगार' या शब्दावर बोट ठेवून बसले. शेवटी म्हणाले, उघड्यावर लढतात ती कुस्ती, झाकून खेळतात तो जुगार. आपण उघड्यावर घेऊ.

अशी ती स्पर्धा ठरली. रविवारी सकाळी दहाला, भर गल्लीत मांडव घालून. अर्जावर सही करणाऱ्या प्रत्येकाच्या घरी आबा स्वतः लंगडत गेले आणि हात जोडून आमंत्रण देऊन आले. एकदा या, बघा, मग काय म्हणायचं ते म्हणा. माझ्या वडिलांचीही त्या अर्जावर सही होती. नाना तहसील कचेरीत कारकून. त्यांनी आबांना चहा पाजला, हो हो म्हटलं आणि आबा गेल्यावर मला म्हणाले, "त्या माणसापासून लांब राहा." मी त्यांनाही हो हो म्हटलं. घराण्याचा गुण.

त्या सकाळी हलगी वाजली, नारळ फुटला, मशिनांना हार घातले. उन्हात टीव्हीवर काहीच दिसेना, म्हणून चारी मशिनांवर घोंगड्या टाकून वर छत्र्या धरायला माणसं उभी केली. खेळणारा घोंगडीत डोकं घालून खेळायचा, मागून दहा जण त्याच घोंगडीत डोकं घालायचे, आणि बाकीच्या तीन-चारशे लोकांना फक्त हलणारी घोंगडी दिसायची. त्यांना आत काय चाललंय ते सांगायला मी होतो. डोक्याला फेटा, हातात माइक. काय बोललो देव जाणे. फटफटीच्या खेळात मी घाट, दरी, खाली वाहणारी गिरणा सगळं घातलं. मशिनमध्ये नुसता करडा रस्ता होता.

आबांचा सख्खा पुतण्या सगळ्यांत तरबेज. मारामारीत तोच पहिला येणार हे ठरल्यासारखं. त्याची पाळी आली तेव्हा तो कोपऱ्यावर चहा प्यायला गेला होता. मी पुकारा केला. दुसरा केला. आबांकडे पाहिलं, जरा थांबू का? त्यांनी मान हलवली नाही. तिसरा केला. पोरगा हातात कप घेऊन धावत आला तोवर शिट्टी झाली होती. अक्का ओट्यावरून ओरडल्या, अहो, पोरगं आलं ना. आबा म्हणाले, "पुकारा व्हयनात." एवढंच. त्या क्षणी लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्जावर सह्या केलेल्यांनीही वाजवल्या. मला वाटलं, जिंकलो. आबा जिंकले.

आता पुढचं. दंगलीचा एक रिवाज असतो. कुस्ती रंगली की बघणारे इनाम देतात. चिठ्ठीवर नाव लिहून निवेदकाकडे पैसे धाडायचे, त्यानं ते पुकारायचे, पैसे लढणाऱ्याचे. आबांच्या लेखी इनामाशिवाय कुस्ती म्हणजे कुंकवाशिवाय लग्न. मारामारीचा शेवटचा सामना एका रिक्षावाल्यात आणि एका मारवाडी कापडवाल्याच्या मुलात लागला, आणि चिठ्ठ्या सुरू झाल्या. मी पुकारत होतो. अकरा, एकवीस. मुलाच्या काकांनी एकावन्न दिले, तेही पुतण्याला नाही, समोरच्या रिक्षावाल्याला. आबांचे डोळे भरून आले. समोरच्याला इनाम देणं ही दंगलीत सगळ्यांत मोठी गोष्ट. मला आणखी चेव आला. अजून कोण, म्हणून मी लोकांना डिवचायला लागलो. परात होती ना मातीची, तिच्यातच नोटा पडत होत्या. ते सगळं माझं होतं. आबांनी डिवचायला सांगितलं नव्हतं.

गर्दीत साध्या कपड्यांत एक हवालदार उभा होता. त्यानंही अकरा रुपये दिले होते. पुराव्यासाठी दिले, हे मागून कळलं.

फौजदार आला. नवा होता, लांबच्या जिल्ह्यातला, तिकडे दंगली होत नसाव्यात. त्यानं काय पाहिलं? दोन माणसं मशिनवर खेळतायत आणि चारशे माणसं दोघांवर पैसे लावतायत. त्याचंही काय चुकलं म्हणा. त्यानं मशिनांच्या वायरी काढायला सांगितल्या. पंचनामा करायचाय, दोन पंच पाहिजेत, असं तो गर्दीकडे बघून म्हणाला, आणि आबा सवयीनं एक पाऊल पुढे झाले. लोक हसले. फौजदारही हसला. मग त्यानं त्यांचा दंड धरला.

त्या पंचनाम्यात परातीचीही नोंद आहे. 'लाल माती, अंदाजे दीड किलो, हेतू अज्ञात.'

आणि मी? मी माइक हळूच परातीत ठेवला. फेटा काढला, गुंडाळून सदऱ्याच्या आत घातला. पाच पावलं मागे सरलो आणि प्रेक्षक झालो. पोट एकदम सहा महिन्यांच्या गरोदर बाईसारखं दिसत असेल, पण माझ्याकडे कोण बघत होतं. हवालदारानं विचारलं, तो बोलणारा कुठे गेला, कोण होता? मी आबांपासून दहा हातांवर होतो. आबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "भाड्यानं आणेल व्हता. नाव माहीत नही."

जन्मात दिलेला तो त्यांचा पहिला खोटा निर्णय असेल, आणि तो माझ्यासाठी.

खटला साधा होता. वकील म्हणाला, एक साक्षीदार मिळाला तरी सुटाल. मांडवात उभं राहून ज्यानं पैसे पुकारले त्यानं एवढंच सांगायचं, की हे इनाम होतं, दंगलीच्या रिवाजानं, खेळणाऱ्याचं. बाकी कुणी सांगून उपयोग नव्हता. चिठ्ठ्या माझ्या हातातून गेल्या होत्या.

पहिल्या तारखेचा निरोप अक्का घेऊन आल्या, आईकडे विरजण मागायच्या निमित्तानं. मंगळवारी दहाला, त्याला म्हणावं, ये. आईनं मला सांगितलं आणि नानांनी ऐकलं. मला तेव्हा सरकारी नोकरीचा कॉल आला होता, पोलिसांकडून चौकशी व्हायची बाकी होती. नाना ओरडले नाहीत. जेवता जेवता म्हणाले, "जुगाराच्या केसमध्ये नाव लागलं की संपलं. तू ठरव." ठरवायला मी होतोच कुठे. मंगळवारी मला ताप आला. खरा नव्हता.

दुसऱ्या वेळी आबा स्वतः आले. नाना ओट्यावर पेपर वाचत बसले होते, म्हणून आबा गल्लीच्या तोंडाशीच थांबले. माझ्या खिडकीतून दिसत होते. धोतर, सदरा, काखेत कोर्टाच्या कागदांची पिशवी. अर्धा तास तो मोडका गुडघा घेऊन उभे होते. मी खिडकीचा पडदा ओढला. आमच्या घरात पडदा होता.

तिसऱ्या तारखेला सकाळी घराबाहेर शिट्टी वाजली. एकदाच, लांब. मी अंघोळ आटोपून बसलो होतो, इस्त्रीचा शर्ट अंगात होता. तो कशासाठी घातला होता हे मला आजही नीट सांगता येत नाही. जायचं असेलही मनात. शिट्टी वाजली आणि मी उठून मोरीत गेलो, कडी लावली आणि नळ सोडला, ऐकू येऊ नये म्हणून. बादली भरली, वाहायला लागली, तरी मी नळ बंद केला नाही. आई बाहेरून म्हणाली, अरे पाणी जाईल. मी म्हटलं, जाऊ दे.

नोकरी लागली मला. धुळ्याला.

त्या तिसऱ्या तारखेला पुढे काय झालं ते वर्षभरानं कळलं. धुळ्यातच एका लग्नाच्या पंगतीत तो वकील शेजारी बसला. त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. जळगावचा म्हटल्यावर त्यानं गंमत म्हणून सांगितलं, की असा एक अशील होता, कोर्टात गळ्यात शिट्टी घालून यायचा. शिपायानं नावाचा पुकारा केला तर ताठ उभा राहायचा, मैदानात उतरल्यासारखा. "मी म्हटलं, आबा, साक्षीदार आज ना उद्या येईल, अजून एक तारीख मागतो. तर म्हणे, नको. गुन्हा कबूल सांगतो. मी म्हटलं, अहो तुम्ही केलाय का जुगार? म्हणे, नाही. मग? तर म्हणे, तीन पुकारा व्हयनात. मना गडी ऊना नही." वकिलानं जिलेबीचा तुकडा मोडला. "दंड भरला आणि गेला. किरकोळ रक्कम हो. वेडा माणूस."

मी पण जिलेबी खाल्ली. आग्रह होता.

दंड किरकोळ होता. पण जुगारात शिक्षा झालेल्या माणसाला पंच म्हणून कोण बोलावणार? पुढची दिवाळी सरली तरी एकही यात्राकमिटी आबांच्या दारी आली नाही, त्याच्या पुढच्या दिवाळीनंतरही नाही. मशिनं कोर्टातून परत आली ती पावसात भिजलेली, तीन बंदच पडली. मी सुट्टीत जळगावला आलो की दुसऱ्या रस्त्यानं जायचो. एकदाच चुकून त्या गल्लीत शिरलो. शटर अर्धं वर होतं. आत अंधारात आबांची पाठ दिसली. विटांच्या मशिनपुढे स्टुलावर बसले होते, पाय आडवा टाकून. लुगडं काढून ठेवलेलं होतं. वरून विटा पडत होत्या आणि आबा एकही नीट लावत नव्हते. दांड्यावर नुसता हात.

शेवटचे दिसले ते सोनगीरकडच्या एका गावच्या यात्रेत. मी ऑफिसच्या कामानं त्या बाजूला गेलो होतो. दंगल भरली होती आणि दोराच्या बाहेर, लोकांत, मातीवर आबा बसले होते. गळ्यात शिट्टी नव्हती. काळा दोरा तेवढा होता. मी जाऊन शेजारी बसलो. माझ्याकडे बघून त्यांनी जरा सरकून जागा दिली, जशी कुणालाही दिली असती.

मैदानात एका गड्याची पाठ मातीला लागली. आम्हा सगळ्यांना दिसली, पंचाला दिसली नाही. आजूबाजूचे जुने लोक वळून आबांकडे बघायला लागले. आबांनी मातीत बघितलं.

मी म्हटलं, "आबा, त्या दिवशी मी घरातच होतो."

"माले माहीत शे," ते म्हणाले. "नळना आवाज येत व्हता."

मी मातीत बोटानं रेघा ओढायला लागलो. दोन ढाली मिळवलेला माणूस. पुढची जोड लागली. निवेदकानं एका पहिलवानाचं नाव पुकारलं. कुणी उठलं नाही. दुसरा पुकारा झाला. समोरचा गडी मैदानात एकटा उभा, अंगाला माती चोळत. तिसरा पुकारा झाला. पंचानं शिट्टी तोंडाला लावली.

आबांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. ते मैदानाकडे बघत होते, बोलले इतकं हळू की दोराच्या आत ते कुणाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

"आखो एकदाव पुकारा, भो," आबा म्हणाले. "रस्तामा व्हई. येई तो."

शिट्टी झाली.